कारणाचा रकाना

कारखान्यात मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाल्याला सगळे एकच प्रश्न विचारतात, "किती वेळ लागंल?" सुपरवायझर विचारतो, डिस्पॅचचा माणूस विचारतो, आणि वरून मालकांचा फोन येतो तोही हेच विचारायला. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. गाडी दारात उभी असते, गिऱ्हाईक पुण्याहून सारखा फोन करत असतं, मशीनच्या बॅरलमध्ये वितळलेला प्लॅस्टिकचा माल तापून तापून पिवळा पडायला लागलेला असतो. पण "का बंद पडलं?" असं आपणहून विचारणारी माणसं मला इतक्या वर्षांत फार थोडी भेटली. माझ्या मते आमचं खरं काम त्या प्रश्नापासून सुरू होतं.

मी कोल्हापूरचा. कळंब्याच्या आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केला, थोडे दिवस शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो आणि मग शिरोली एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. प्लॅस्टिकच्या कंपनीत आहे म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांपुढं बादल्या आणि पाण्याचे मग येतात. प्रत्यक्षात आमच्याकडं गाड्यांच्या वायरिंगच्या क्लिपा निघतात, पंपांची पाती निघतात, ठिबकचे जोड निघतात, इचलकरंजीच्या मागांना लागणारे भाग निघतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी बसून वर्षानुवर्षं काम करणारे हे तुकडे. त्यातला एक जरी कमी दाबानं भरलेला गेला, तरी कुठल्यातरी शेतात भर उन्हाळ्यात पंप बंद पडतो.

कोल्हापूर तसं लोखंडाचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढं कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, कुठंही जा, फाउंड्रीची भट्टी आणि मशीनशॉप आहेच. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग करता करता पिढ्या तयार झाल्या. "नमुना दाखव, करून देतो" हा इथला बाणा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. याच गावात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. आता त्या कॅमेऱ्यातून फिरणारी फिल्म कशाची होती? सेल्युलॉइडची, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लॅस्टिकची. आणि आम्ही ज्या जातीच्या मशीनवर काम करतो, तिची पहिली आवृत्ती अमेरिकेत हायट बंधूंनी १८७२ मध्ये पेटंट केली, ती याच सेल्युलॉइडसाठी. तेव्हा प्लॅस्टिक आपल्या गावात काल-परवा आलं असं कुणी म्हणालं की मी त्याला ही गोष्ट सांगतो. कोल्हापूरनं प्लॅस्टिक आधी पडद्यावर पाहिलं, बादली नंतर आली.

मशीन तसं समजायला अवघड नाही. वरून हॉपरमधून प्लॅस्टिकचा दाणा पडतो. खाली पोलादी बॅरल, त्याच्याभोवती पट्ट्यांसारखे हीटर, आत फिरणारा लांब स्क्रू. स्क्रू दाणा पुढं ढकलतो, ढकलताना घासून आणि हीटरच्या उष्णतेनं तो वितळतो आणि स्क्रूच्या टोकापुढं साठत जातो. पुरेसा साठला की स्क्रू फिरायचा थांबतो आणि सरळ पुढं येतो. समोर मोठ्या ताकदीनं मिटलेला साचा असतो, त्यात माल भरतो, थंड होतो, साचा उघडतो, पीस पडतो. छोट्या पिसाला हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं. साचा मिटून धरायला शंभर-दीडशे टनांचं बळ लागतं. हे बळ तेलाच्या दाबानं येतं. तो दाब १४० बारपर्यंत जातो, आणि स्क्रूच्या टोकाशी प्लॅस्टिकवर त्याच्या साधारण दहापट दाब पडतो. एवढं बळ, एवढी उष्णता आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची फट, हे तिन्ही एका लोखंडी चौकटीत नांदवायचं काम आमच्याकडं आहे.

लोखंडाचं दुखणं बाहेर दिसतं. गंजतं, तडकतं, वाकतं. या मशीनचं दुखणं आत असतं. बॅरल उघडून बघता येत नाही. आत काय चाललंय ते पडद्यावरच्या आकड्यांवरून, पिसाच्या अंगावरच्या खुणांवरून आणि आवाजावरून ओळखायचं. त्यात आकड्यांवर सगळ्यांचा फार विश्वास. मी नवा असताना आमचे जुने मिस्त्री, त्यांना सगळे आण्णा म्हणायचे, एकदा मला म्हणाले, "पडद्यावर काय दिसतंय ते मला सांगू नगंस. बॅरलवर काय हाय ते सांग." त्या दिवशी पडदा २२० अंश दाखवत होता आणि नोझलमधून, म्हणजे बॅरलच्या तोंडातून, धूर निघत होता. सुपरवायझरनं सेटिंग कमी केलं, थोडा वेळ बरं वाटलं, परत धूर. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक आपल्या खोबणीतून किंचित वर आलं होतं, एवढंच. टोक लोखंडाला टेकत नव्हतं म्हणून ते कमी तापमान सांगत होतं, आणि कंट्रोलर बिचारा त्याचं ऐकून हीटर चालूच ठेवत होता. वेगळा थर्मामीटर लावला तेव्हा खरा आकडा कळला. याच्या उलटही होतं. एका झोनमधल्या दोन हीटरपैकी एक जळतो, दुसरा जिवाच्या आकांतानं तापमान धरून ठेवतो आणि पडद्यावर सगळं ठीक दिसतं. तिथं क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेतला करंट मोजायचं यंत्र, लागतो. १००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतो. दोन हीटरच्या तारेवर तेवढाच आकडा आला की समजायचं, एकजण कामावर नाही.

आता ज्या प्रसंगानं मला हा सगळा विचार करायला लावला, तो सांगतो.

आमच्याकडं काच मिसळलेल्या नायलॉनचा एक भाग चालायचा. नायलॉनच्या दाण्यातच बारीक काचेचे तंतू असतात, त्यानं भाग ताठ आणि मजबूत होतो. त्या मशीनवर एक मावशी बसायच्या. पीस उचलायचा, रनर, म्हणजे पिसाला लागून येणारी जादा काडी, तोडायचा, कडा बघायच्या, पेटीत लावायचा. एका सकाळी मी शेजारच्या मशीनला ग्रीस मारत होतो तर त्या म्हणाल्या, "दादा, ह्यो पीस कधी भरल्यागत येतोय, कधी पोकळ. हातातच कळतंय." क्वालिटीवाल्यानं पीस बघितले, वरून काही दिसेना, पास केले. मी काटा आणला आणि एकामागून एक पीस तोलायला लागलो. मावशींचं खरं होतं. वजन हलत होतं. फार नाही, पण हलायला नको होतं. चांगल्या चालणाऱ्या मशीनचे पीस वजनाला एकसारखे असतात. तिथं फरक पडला की आत काहीतरी गळतंय.

मग मी सेटिंगचे जुने कागद काढले. मशीनवर कुणी काय बदललं ते त्यात लिहिलेलं असतं. महिना-दीड महिन्याचे कागद ओळीनं लावले तेव्हा सगळी गोष्ट दिसली. आधी पिसात खळगा पडत होता म्हणून कुणीतरी दाब वाढवला. काही दिवस बरं चाललं. मग पीस अर्धवट येऊ लागला म्हणून मालाचं माप वाढवलं. परत काही दिवस बरं. मग तापमान वाढवलं. मग कडेला पातळ पापुद्रा, ज्याला आम्ही फ्लॅश म्हणतो, तो यायला लागला म्हणून साचा मिटायचं बळ वाढवलं. प्रत्येक पाळीनं आपापल्या परीनं मशीन चालवून दाखवलं होतं. एकाही पाळीनं चुकीचं काम केलं असं म्हणता येत नाही. पण प्रत्येक बदलानं मूळ दुखणं एकेक थर खाली गेलं होतं, आणि शेवटी साच्याच्या कडा दबायला लागल्या होत्या. साच्याची किंमत स्क्रूच्या एका रिंगेपेक्षा कितीतरी जास्त असते.

दुखणं होतं चेक रिंगेत. स्क्रूच्या टोकाशी ही एक पोलादी रिंग सैल बसवलेली असते. माल साठताना ती पुढं सरकून वाट देते, आणि स्क्रू पुढं रेटला की मागं सरकून वाट बंद करते. सायकलच्या पंपातलं चामड्याचं वॉशर जे काम करतं तेच. वॉशर झिजलं की दांडा कितीही दाबा, हवा मागं सुटते. इथं काचेच्या तंतूंनी रिंगेची कड खाल्ली होती आणि प्रत्येक दाबाला थोडा माल मागं सुटत होता. याची खूण पडद्यावरच होती. भरून झाल्यावर स्क्रूच्या टोकापुढं चार-पाच मिलिमीटर माल उरायला पाहिजे, त्याला कुशन म्हणतात. त्या उरलेल्या मालावरूनच दाब साच्यातल्या पिसापर्यंत पोचतो. आमच्या मशीनवर कुशन कधी दोन, कधी शून्य. शून्य म्हणजे स्क्रू थेट शेवटाला टेकलेला. मग दाब कितीही वाढवा, तो पिसाला लागतच नाही.

"स्क्रू काढावा लागेल," मी म्हणालो. "किती वेळ?" एक पाळी, कदाचित दीड. त्यावर जे बोलणं झालं ते कुठल्याही कारखान्यात होतं तसंच झालं. अजून चार दिवस ढकलू, ऑर्डर गेली की बघू. मी वजनाचे आकडे आणि सेटिंगचे कागद टेबलावर ठेवले आणि साच्याच्या कडेचा फोटो दाखवला. आवाज चढवून काही होत नाही, कागद ठेवला की होतं, हा माझा अनुभव आहे. परवानगी मिळाली.

स्क्रू काढणं हे घाईचं काम नव्हे. आधी बॅरलमधला नायलॉन दुसऱ्या मालानं ढकलून बाहेर काढायचा, तोही साचा आणि नोझल दूर करून, तोंडावर शील्ड लावून. अडकलेला माल नोझलमधून अचानक उडतो आणि कातडीला चिकटतो. मग बॅरल गरम असतानाच पुढचे बोल्ट सोडायचे, थंड झाला की आतला माल त्यांना धरून बसतो. स्क्रू बाहेर आला की पितळेच्या ब्रशनं आणि तांब्याच्या जाळीनं पुसायचा. स्क्रूवर लोखंडी छिन्नी मारायची नाही आणि गॅसची ज्योत धरायची नाही. ज्योतीनं स्क्रू वाकतो आणि वरचा कडक केलेला थर मऊ पडतो. गडबडीत हे दोन्ही करणारे लोक मी पाहिलेत.

रिंग कंपनीकडून यायला आठवडा लागणार होता. तिथं आमचं उद्यमनगर कामाला आलं. मोजमाप घेतलं, टूल स्टीलचा तुकडा टर्न करून घेतला, हीट ट्रीटमेंट केली, ग्राइंडिंग केलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिंग हातात होती. बसवली, मशीन चढवलं, कुशन पाचवर येऊन थांबलं. मग मी सगळी सेटिंग परत महिन्यापूर्वीच्या कागदावर नेली. दाब खाली, तापमान खाली, साच्याचं बळ खाली. मावशींनी दहा-बारा पीस हातात घेऊन बघितले आणि मान डोलावली. काट्याआधी मी त्यांच्याकडं बघितलं, हे खरं आहे.

उद्यमनगरची ती रिंग मी आपल्या गावाच्या हुशारीचा नमुना म्हणून सांगतो. पण याच हुशारीचं दुसरं रूप आहे, त्याबद्दल मला चीड आहे आणि ती लपवायचं कारण नाही. "तात्पुरतं भागवणं." फ्यूज जळतो म्हणून जाड तार घालायची. बॅरल थंड असताना स्क्रू फिरू नये म्हणून असलेलं संरक्षण सेटिंगमधून उडवायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सेफ्टी डोअरचा स्विच टेप लावून दाबून ठेवायचा.

साच्याच्या समोर सरकता दरवाजा असतो. तो उघडा असताना साचा मिटता कामा नये म्हणून चांगल्या मशीनला तीन वेगवेगळे अडसर असतात: एक विजेचा स्विच, एक तेलाची वाट अडवणारा व्हॉल्व्ह आणि एक नुसता लोखंडी दांडा जो मधे पडतो. तीन अशासाठी की एक फसला तर दुसरा असावा, दुसरा फसला तर तिसरा. दीडशे टनांच्या दोन पोलादी ताटांमध्ये हात घालून पीस काढणाऱ्या माणसाचं आयुष्य या तीन वस्तूंवर उभं असतं. मी पूर्वी जिथं काम केलं तिथं एका मशीनवर स्विचला टेप लावलेला मिळाला. मी मशीन बंद केलं. आरडाओरडा झाला. टेप कुणी लावला हे शोधायची मोहीम निघाली, नोटीस काढायची भाषा सुरू झाली.

मी मात्र दरवाजा हातानं सरकवून बघितला. तो सरकतच नव्हता. खालच्या रोलरचं बेअरिंग गेलं होतं आणि पट्टीत दाण्यांचा चुरा आणि तेल साचून घट्ट झालं होतं. ऑपरेटर मुलगा तो जड दरवाजा मिनिटाला दोनदा, आठ तास, खांद्याच्या जोरावर ओढत होता आणि वर तासाचं टार्गेट होतंच. त्यानं टेप लावला हे वाईटच. पण टेप काढून नोटीस लावली असती तर आठवड्यात परत टेप आला असता. आम्ही दोन बेअरिंगं बदलली, पट्टी साफ केली, दरवाजा बोटानं सरकायला लागला. त्या मशीनवर परत कधी टेप लागला नाही. तेव्हापासून कुठं संरक्षण उडवलेलं दिसलं की मी माणूस शोधण्याआधी जड झालेला दरवाजा शोधतो. बहुतेक वेळा सापडतो. आणि तोवर मशीन बंद, यात मात्र तडजोड नाही; समोर कुणीही उभं असो.

तेलाचंही असंच. होजमधून, म्हणजे तेलाच्या नळीतून, सुईच्या टोकाएवढं छिद्र पडून तेल फवारत असेल तर ते कुठून येतंय हे हात फिरवून कधीही बघू नये. एवढ्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणी लागल्यासारखं दिसतं आणि आत तेल पसरतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरायचा. असं तेल आत गेलं तर दुखत नसलं तरी त्या क्षणी दवाखाना गाठायचा. नव्या पोराला मी पहिल्या दिवशी पाना द्यायच्या आधी हे सांगतो.

कोल्हापूरच्या पावसाचं आणि आमच्या कामाचं जवळचं नातं आहे. जूनमध्ये एकदा धार लागली की नायलॉन हवेतलं पाणी पितो. दाणा बघून काही कळत नाही, हाताला कोरडाच लागतो. बॅरलमध्ये गेला की त्या पाण्याची वाफ होते आणि पिसावर चंदेरी रेघा उमटतात. म्हणून ८० अंशाला किमान चार तास ड्रायरमध्ये ठेवायचा. पॉलिकार्बोनेटला १२० अंश लागतात, आणि त्याचं प्रकरण जास्त गंभीर. ओल राहिली तर तापल्यावर त्याचे रेणूच तुटतात, पीस बाहेरून ठीक दिसतो आणि हातातून पडला की फुटतो. पावसाळ्यात मी सकाळी आल्याआल्या आधी ड्रायरचे फिल्टर बघतो. चुऱ्यानं बुजलेल्या फिल्टरमधून गरम हवा जातच नाही, आणि तापमानाचा आकडा मात्र ८० दाखवत राहतो.

आणि मग ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या आठवड्यात पाणी ते दोन्ही मागं टाकून चढतच गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. गावातली माणसं गावात, वसाहतीतली वसाहतीत. आमच्या शेडमध्ये पाणी आलं नाही, पण वीज जाणार हे दिसत होतं. त्या रात्री आम्ही कारखाना बंद केला, आणि कारखाना नीट बंद करणं हे चालू करण्याइतकंच कसबाचं काम आहे असं मला त्या रात्री पटलं. प्रत्येक बॅरलमधला नायलॉन काढून पॉलिप्रॉपिलीन भरलं, कारण ते पुन्हा तापवलं तर त्रास देत नाही. ॲसिटल नावाच्या प्लॅस्टिकच्या मशीनकडं सगळ्यात आधी धावलो. तो माल बॅरलमध्ये जास्त तापत राहिला तर फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळे चुरचुरतात आणि बॅरलमध्ये वायूचा दाब वाढतो. साचे पुसले, गंजरोधक फवारलं, आणि बळ न लावता नुसते टेकवून ठेवले, म्हणजे साच्याचं बळ पेलणारे पोलादी दांडे, टाय बार, दिवसेंदिवस ताणात राहणार नाहीत. हॉपरच्या झडपा बंद. मेन स्विच खाली. आण्णा तेव्हा रिटायर होऊन घरी होते. त्यांनी फोनवरून सगळी यादी म्हणून घेतली आणि मगच "आता जेवा" म्हणाले.

रस्ता उघडल्यावर सगळ्यांना पहिल्या तासात माल हवा होता. "पाणी तर आत आलंच न्हाई, मग मेगर कशाला?" असं मला विचारलं गेलं. मेगर म्हणजे विजेचं इन्शुलेशन तपासायचं यंत्र. पाणी आलं नव्हतं, पण कित्येक दिवस ओली हवा आत होती. हीटरच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी भरलेली असते, तीच विजेला अडवते. ती ओल शोषून घेते. पूर्ण व्होल्टेज एकदम दिलं तर हीटर तिथंच फुटतो, आणि हॉट रनरच्या, म्हणजे आतच माल वितळलेला ठेवणाऱ्या, साच्यातला हीटर फुटला तर अख्खा साचा उघडावा लागतो. आम्ही मोटारी आणि हीटर मेगरनं तपासले, ज्यांचं इन्शुलेशन उतरलं होतं त्यांना थोडी थोडी वीज देऊन आधी वाळवलं. सगळं सुरू व्हायला उशीर झाला. जुलै २०२१ मध्ये महामार्ग परत पाण्याखाली गेला तेव्हा मेगर कशाला, असं कुणी विचारलं नाही. भिंतीवर आधीची यादी लावलेली होती.

नदीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आमच्या जमिनीवर सांडलेला दाणा झाडूबरोबर गटारात जातो, गटार ओढ्याला, ओढा पंचगंगेला. मशीनखालचं तेलही त्याच वाटेनं. प्लॅस्टिक वाईट की चांगलं यावर मोठी माणसं बोलतात, मला त्यातलं माझ्या वाट्याचं कळतं. गटाराच्या तोंडावर बारीक जाळी लावून घेतली, ती दर शनिवारी साफ होते. जिथं तेल गळतं तिथं ट्रे लावून सोडायचं नाही, सील बदलायचं. नदी आमचीच आहे, तिचं पाणी आम्हीच पितो.

आमच्याकडं ब्रेकडाउन रजिस्टर आहे. तारीख, मशीन नंबर, बंद पडल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ, आणि शेवटी एक अरुंद रकाना, 'कारण'. जुनी पानं उलगडून बघितली तर त्या रकान्यात "होज फुटला", "सेन्सर खराब", "हीटर जळाला" एवढंच. होज फुटला हे कारण नव्हे, ती तर झालेली घटना. एका पावसाळ्यात, काम कमी असताना, मी ते रजिस्टर बसून वाचलं. चार नंबरच्या मशीनचा एकच होज पुन्हा पुन्हा फुटलेला होता. प्रत्येक वेळी वेगळ्या माणसानं बदललेला, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जाऊन बघितलं तर होजला धरणारा क्लॅम्प कधीतरी निघून गेला होता आणि प्रत्येक सायकलला होज चौकटीच्या कडेवर घासत होता. क्लॅम्प बसवला, कडेला रबर लावलं. क्लॅम्पची किंमत चहाच्या बिलाएवढी.

त्यानंतर मी तो रकाना रुंद करून घेतला. आता नवं रजिस्टर छापताना निम्मं पान कारणाला असतं. आमच्याकडं शिकाऊ म्हणून आलेला पोरगा सुरुवातीला कुरकुरला, "दादा, एवढं काय लिहायचं?" मी म्हटलं, "होज का फुटला ते लिही. मग तो का घासला ते लिही. जिथं तुला पुढं लिहायला काही सुचणार नाही तिथं मला बोलाव." आता तो मला न बोलावता बरंच लिहितो. परवा त्यानं स्वतःहून मावशींना विचारून त्यांचं म्हणणंही लिहिलं होतं: "तीन नंबर, माल घेताना कुरकुर आवाज, दुपारनंतर." बेअरिंग निघालं, फुटायच्या आधी.

दिवाळीत कारखाना बंद असतो तेव्हा आमचं मोठं काम असतं. खंडेनवमीला मशीनला झेंडूचे हार घालायचे, आणि दिवाळीत त्याच मशीनची पोटं उघडायची, असा आमचा क्रम आहे. यंदा चार नंबरच्या तेलाचं तापमान ५५ च्या वर जातंय. कूलर आम्ही खोलला, बोअरच्या पाण्याचा क्षार साफ केला, थोडं उतरलं, पण पुरेसं नाही. "पंप गेला, नवा मागवा" असं सगळ्यांचं मत पडलंय आणि कोटेशनही आलंय. पंप गेला असेलही. पण पंपाच्या केस ड्रेनची, म्हणजे आत गळलेलं तेल परत नेणारी, नळी सुटी करून, खाली मापाचं भांडं धरून, दाबाखाली मिनिटाला किती तेल परत येतं ते मोजलं की पंप आतून किती गळतोय ते कळतं. ते जास्त आलं नाही तर गळती एखाद्या व्हॉल्व्हमध्ये आहे, आणि मग पंप बदलून तेल तेवढंच तापेल. हे मोजायला दोन माणसं लागतात, एक भांड्यापाशी आणि एक पॅनेलपाशी. पोरग्याला विचारलं. भाऊबिजेला बहिणीकडं जाऊन दुपारपर्यंत येतो म्हणालाय.